पदवीच्या मुलांना संशोधनात घ्यायचंय? आधी काम लहान करा

पत्राचा गोषवारा: बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.ए.ला मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं हे पत्र आहे. शेवटच्या वर्षाच्या वर्गात ४० विद्यार्थी आहेत. गेल्या वर्षी त्यांनी प्रत्येकाला २५ प्रश्नावल्या दिल्या आणि दहा दिवसांत गावातून भरून आणायला सांगितलं. हजार फॉर्म आले खरे, पण बरेचसे एकाच हाताने, एकाच पेनाने भरलेले. त्यांनी गुण कापले, मुलं दुखावली, निबंध झालाच नाही. यंदा त्यांना ऊसतोड कामगारांच्या मुलांमधल्या नैराश्यावर काम करायचं आहे. प्राचार्यांना नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी, शोधनिबंध हवा आहे. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, "पदवीच्या पोरांना संशोधनातलं काय कळतं? एम.ए.ला येऊ द्या, मग बघू." मुलांना घ्यावं की नाही, आणि घेतलं तर त्यांच्या माहितीवर भरवसा कसा ठेवावा, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

नमस्कार मॅडम,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

मुलांनी फॉर्म घरी बसून भरले, म्हणजे ती अप्रामाणिक आहेत, असं तुम्ही धरून चाललात. जरा हिशेब करून बघा. साठ प्रश्नांची प्रश्नावली नीट वाचून दाखवून भरून घ्यायला अर्धा तास लागतो. पंचवीस फॉर्मचे झाले साडेबारा तास. माणूस घरी सापडणं, तयार होणं, मध्येच शेतातून बोलावणं येणं, हे वेगळंच. मुलगा रोज एसटीने ये-जा करतो, घरी कापसाची वेचणी चालू आहे आणि मुदत दहा दिवसांची. त्यातून हे काम कशासाठी चाललंय, या साठ प्रश्नांतून काय शोधायचंय, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी ते संशोधन नव्हतंच, कागद भरायचं काम होतं, आणि त्याने कागद भरून दिले.

तुमची मुलं संशोधनात सहभागी झालीच नव्हती. प्रश्न तुमचा, प्रश्नावली तुमची, आकडेमोड तुमची, निबंधावर नाव तुमचं. त्यांच्या वाट्याला फक्त हेलपाटे. पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधन झेपत नाही हे तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही. त्याला मोठं संशोधन झेपत नाही, एवढंच खरं. प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष मांडण्यापर्यंत सगळं त्याच्या हातून होईल इतकं काम लहान करा, म्हणजे माहिती खोटी यायचं कारणच उरत नाही.

गेल्या वर्षीचे फॉर्म कुठेही छापू नका, पण फेकूही नका. नावं काढून टाका आणि यंदाच्या मुलांना त्यातले शंभर द्या. खोटा फॉर्म कसा ओळखायचा, हे त्यांनीच शोधू द्या. ओळीने एकाच पर्यायावर खूण केलेली, एकही उत्तर रिकामं नाही, सगळ्यांची वयं २०, २५, ३० अशी गोल, आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे उलट गुणांकनाच्या, म्हणजे सहमतीला कमी गुण असलेल्या, प्रश्नांनाही सरळ प्रश्नांसारखंच उत्तर. "मी समाधानी आहे" यालाही "पूर्ण सहमत" आणि "मी अगदीच निरुपयोगी आहे असं वाटतं" यालाही "पूर्ण सहमत", तर त्या माणसाने प्रश्न वाचलेला नाही किंवा तो माणूसच नाही. हे एक तास केलं की मुलांना माहितीची किंमत कळते.

आता यंदाच्या विषयाकडे येऊ. विषय महत्त्वाचा आहे, तुमची कळकळही पत्रातून दिसते. तरीही मी स्पष्ट सांगेन की पदवीच्या मुलांना घेऊन हा विषय करू नका.

पहिली अडचण संमतीची. अठरा वर्षांखालच्या मुलांवर अभ्यास करायचा तर पालकांची संमती लागते, आणि साधारण सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे दिलेलं आहे. तुमचं दुसरं सत्र चालू असतं तेव्हा पालक कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात कारखान्यावर गेलेले असतात. मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. मग सही कुणाची घेणार? आजीने अंगठा दिला म्हणून पालकांची संमती झाली, असं धरता येत नाही.

दुसरी अडचण याहून गंभीर. नैराश्य मोजणारी साधनं प्रश्न विचारून थांबतात, पुढचं तुमच्यावर सोडतात. त्यातल्याच पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न जगण्यापेक्षा मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, अशा विचारांबद्दल आहे. एकवीस वर्षांची तुमची विद्यार्थिनी समोर बसली आहे आणि तेरा वर्षांच्या मुलीने "जवळपास रोज" वर खूण केली. आता तिने काय करायचं? कुणाला सांगायचं? ती मुलगी तिच्याच गल्लीतली असेल, तर गुप्तता कशी राखायची? आणि ते ओझं घेऊन ही विद्यार्थिनी घरी जाईल तेव्हा तिच्याशी कोण बोलणार? ज्या प्रश्नाचं उत्तर हाताळायची तयारी नाही, तो प्रश्न विचारू नये. हा विषय करायचाच असेल तर तुम्ही स्वतः, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकार विभागाला सोबत घेऊन, नीतिसमितीची परवानगी काम सुरू करण्याआधी मिळवून करा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बाहेरच्या प्रकल्पाबाबत तिथला नियम काय, ते विचारून घ्या. आणि विषय कुठलाही असो, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक माहितीपत्रकाच्या तळाशी छापा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

गावात जाऊन माहिती घ्यायची झाली तर आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार घडते. कागद घेऊन कुणी दारात आलं की लोकांना वाटतं पंचनामा आला, अनुदान आलं. मग तोटा वाढवून सांगितला जातो, दुःखही वाढवून सांगितलं जातं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. विद्यार्थ्याचं पहिलंच वाक्य ठरवून द्या: "काका, मी कॉलेजच्या अभ्यासासाठी आलोय, यातून कुठलंही अनुदान किंवा योजना मिळणार नाही, आणि नाही म्हणालात तरी चालेल." नकार मिळाला तर तोही वहीत लिहायला सांगा: तारीख, वेळ, कारण दिलं असेल तर तेही. नकारांची वही तपासून त्यालाच गुण दिले की मुलांना फॉर्म रचायची गरज पडत नाही. ज्याच्याकडे वीस भरलेले फॉर्म आहेत आणि एकही नकार नाही, त्याच्याशी मात्र बसून बोला.

मग यंदा काय करायचं? माझ्या मते प्रश्नावलीऐवजी प्रयोग करा, आणि गावाऐवजी महाविद्यालयातल्याच मुलांवर करा.

उदाहरण म्हणून एक प्रयोग पूर्ण मांडतो. आकड्यांचे गट पाडून ऐकवले की जास्त लक्षात राहतात, ही मानसशास्त्रातली जुनी आणि पक्की गोष्ट. मोबाइल नंबर आपण पाच-पाच करून सांगतो, तेच तत्त्व. मराठी आकड्यांवर, आपल्या मुलांमध्ये हा परिणाम केवढा दिसतो, हा तुमच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न. नऊ आकड्यांच्या वीस याद्या करा. एका यादीत कुठलाही आकडा दोनदा नको, ४-५-६ अशी चढती ओळ नको, ओळखीचं सालही नको. यादीत १९७२ आलं की त्या सालच्या दुष्काळामुळे आपल्याकडे ते चार आकडे लक्षात ठेवावे लागतच नाहीत. दहा याद्या सरळ, दहा तीन-तीनच्या गटांत.

इथे पहिला फास आहे. गटांत वाचायचं म्हणून मध्ये थांबलं की यादी लांबते, म्हणजे एका परिस्थितीत प्रयोज्याला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याला, वेळ जास्त मिळतो. मग फरक गटांमुळे पडला की वेळेमुळे, ते सांगता येत नाही. म्हणून दोन्हीकडे पहिला आकडा सुरू होण्यापासून शेवटचा सुरू होईपर्यंतचा वेळ ८ सेकंदच ठेवा. सरळ यादीत दर सेकंदाला एक आकडा. गटांच्या यादीत गटातल्या दोन आकड्यांत पाऊण सेकंद, आणि एका गटाचा शेवटचा आकडा ते पुढच्याचा पहिला यांत पावणेदोन सेकंद. सहा वेळा पाऊण म्हणजे साडेचार, दोन वेळा पावणेदोन म्हणजे साडेतीन, बेरीज आठ. तोंडाने वाचून हे जमणार नाही. एकाच विद्यार्थिनीच्या आवाजात १ ते ९ आकडे एकेकदा ध्वनिमुद्रित करा आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या वेळेवर बसवा. आवाज सपाट हवा. वाचणारा नकळत शेवटच्या आकड्यावर सूर खाली टाकतो, आणि तो सूरच गट पाडून देतो.

प्रयोज्याने उत्तर लिहून द्यावं, नऊ चौकटींत, डावीकडून उजवीकडे, मागे न जाता. ही शेवटची अट घातली नाही तर मुलं आधी शेवटचे तीन आकडे लिहून मोकळी होतात आणि मग सुरुवातीचे आठवत बसतात. योग्य जागी योग्य आकड्याला एक गुण, म्हणजे प्रत्येक परिस्थितीत ९० पैकी. अर्ध्या प्रयोज्यांना आधी सरळ याद्या, अर्ध्यांना आधी गटांच्या. नाही तर सराव आणि कंटाळा यांचा हिशेब त्यात मिसळतो. प्रत्येक परिस्थितीआधी दोन याद्या सरावाच्या, त्या मोजायच्या नाहीत. आणि शेवटी प्रत्येकाला एक प्रश्न: "सरळ याद्या ऐकताना तू मनात गट पाडत होतास का?" बरेच जण हो म्हणतील. फरक अपेक्षेपेक्षा कमी आला तर त्याचं एक कारण तिथेच सापडतं, आणि चर्चेच्या प्रकरणात मुलांना स्वतःचं असं काही लिहिता येतं.

हा प्रयोग सुचवण्यामागे संख्येचं गणित आहे. दोन वेगळ्या गटांची तुलना करून मध्यम आकाराचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर दर गटात ६४, म्हणजे १२८ माणसं लागतात. एकाच माणसाला दोन्ही परिस्थितींतून नेलं तर तेवढाच फरक ३४ जणांत सापडतो. दोन प्रश्नावल्यांतला ०.३ एवढा सहसंबंध (एकातले गुण दुसऱ्यातल्या गुणांबरोबर किती बदलतात याचं माप) पकडायला सुमारे ८५ लागतात. हे आकडे जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मुलांकडूनच काढून घ्या. सहा विद्यार्थी, प्रत्येकी आठ प्रयोज्य, म्हणजे ४८. एकाला अर्धा तास धरला तर आठवड्याला दोन करून चार आठवड्यांत संपतं, आणि कुणाची चारची एसटी चुकत नाही. परिणाम मध्यमपेक्षा बराच लहान असेल तर ४८ जणांत तो दिसेलच असं नाही, हेही आराखड्यात आधीच लिहून ठेवा.

"पण हे तर झालेलंच आहे, यात नवीन काय?" असं प्राचार्य विचारतील. २०१५ साली सायन्स या नियतकालिकात एक मोठा प्रकल्प प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडता न येणारे, निष्कर्ष होते आणि पुन्हा करताना फक्त ३६ टक्क्यांत आले. झालेलं काम काळजीने पुन्हा करणं हे दुय्यम काम मानायचं कारण नाही, आणि शिकणाऱ्यासाठी तर ते सर्वांत सुरक्षित आहे, कारण काय यायला हवं हे माहीत असल्याने चूक लवकर सापडते.

काय यायला हवं हे आधी माहीत असण्याचा एक धोकाही आहे. १९६३ च्या रोझेंथाल आणि फोड यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना उंदीर देऊन काहींना सांगितलं की तुमचे हुशार वाणाचे, काहींना सांगितलं की मंद वाणाचे. उंदीर सगळे सारखेच होते, तरी "हुशार" उंदरांनी चक्रव्यूहात सरस कामगिरी केली. प्रयोगकर्ते मुद्दाम खोटं बोलत नव्हते. अपेक्षा हाताळण्यात उतरली होती. म्हणून सूचना छापील ठेवा, आवाज मुद्रित ठेवा, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला कुठली यादी कुठल्या परिस्थितीतली ते कळू देऊ नका.

प्रश्नावलीच वापरायची ठरलीत, तर भाषांतरावर दोन आठवडे घालवा. इंग्रजीतून मराठी, मग मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून मराठीतून इंग्रजी, मग दोन्ही समोर ठेवून चर्चा. त्याने निम्मंच काम होतं. उरलेलं आठ-दहा माणसांना समोर बसवून, प्रत्येक प्रश्नावर "यातून तुम्हाला काय समजलं?" असं विचारल्यावर होतं. आत्मसन्मान मोजणाऱ्या रोझेनबर्गच्या मापनीत दहा विधानं आहेत, त्यातली पाच उलट. त्यातलं एक मराठीत साधारण असं येतं: "अभिमान वाटावा असं माझ्याजवळ फारसं काही नाही." आपला माणूस यावर मान हलवून म्हणतो, "नाही." म्हणजे काय? काही नाही हे खरं, असं म्हणाला, की हे विधान मान्य नाही असं म्हणाला? विद्यार्थी वाटेल ती खूण करतो आणि मापनीची विश्वसनीयता कोसळते. इथे "सहमत की असहमत" हे शब्द पुन्हा विचारून घ्यायचा नियमच करा. "टेन्शन" हा शब्द मात्र "मानसिक ताण" पेक्षा सगळ्यांना कळतो, तो बिनधास्त वापरा.

किती मुलं घ्यायची? चाळीस नाहीत. सहा ते आठ. बाकीच्यांना हाच प्रयोग प्रात्यक्षिकाच्या तासाला करता येईल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात चार वर्षांच्या "संशोधनासह ऑनर्स" पदवीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे, त्यामुळे गुणानुक्रमे मुलं निवडायची सवय आपोआप लागते. पण तुमच्या या छोट्या गटाला ती अट नाही. अर्ज मागवा, एक पान लिहायला सांगा: रोजच्या पाहण्यातली कुठली गोष्ट मोजून बघावीशी वाटते? वेळ पाळणारा, वहीत नीट टिपणारा साठ टक्क्यांचा मुलगा या कामाला उत्तम. आणि मुलींची बैठक दुपारी लावा; पाचनंतर लावलीत तर निम्म्या मुली गळतील आणि तुम्हाला वाटेल त्यांना रस नाही.

प्रयोज्य म्हणून येणाऱ्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुणांचं आमिष किंवा धाक नको. गुण द्यायचेच असतील तर तितक्याच वेळेचा आणि तितक्याच गुणांचा दुसरा पर्याय ठेवा, एखादा लेख वाचून अर्धं पान लिहिणं वगैरे. प्रथम वर्षाची काही मुलं अजून सतराचीच असतात, त्यांचं वय विचारून घ्या. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची सही लागेल.

नोंदींबद्दल थोडक्यात. प्रत्येक उत्तरपत्रिकेवर क्रमांक, नाव नाही; संमतीपत्रं वेगळ्या पाकिटात, तुमच्या कपाटात कुलपात. एक्सेलमध्ये तीच माहिती दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे भरायची आणि एका तक्त्यातून दुसरा वजा करायचा. जिथे शून्य येत नाही तिथे मूळ कागद काढून बघायचा. रिकाम्या उत्तराला ९९ लिहायची जुनी पद्धत सोडा, कारण कुणी तरी तो ९९ सरासरीत धरतोच. विश्लेषणाला जामोव्ही किंवा जास्प, दोन्ही मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. आणि कुठली चाचणी लावणार, कुणाला वगळणार, हे माहिती गोळा करण्याआधी एका कागदावर लिहून, तारीख घालून सगळ्यांनी सह्या करा.

राहता राहिला प्राचार्यांचा निबंध. या सत्रात निबंध होणार नाही, हे त्यांना आताच सांगा. भित्तिपत्रक नक्की होईल. विद्यापीठांच्या "आविष्कार" महोत्सवात पदवी स्तरावर वेगळी स्पर्धा असते, तिथे हा प्रयोग मानाने उभा राहील, आणि महाविद्यालयाच्या नोंदीत तो विद्यार्थी-संशोधन म्हणून दाखवता येईल. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी आणखी ४८ प्रयोज्य घेईल, तेव्हा निबंधाइतका मजकूर जमेल. पैसे भरून आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागू नका. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केल्यापासून नियतकालिक पारखायची जबाबदारी आपल्यावरच आली आहे: संपादक मंडळातली माणसं खरंच त्या विषयातली आहेत का, जुने अंक उघडतात का, परीक्षकांचे शेरे लेखकापर्यंत येतात का, एवढं तरी बघा.

निबंधावर नावं कुणाची, हे पहिल्याच बैठकीत ठरवा आणि लिहून ठेवा. प्रश्न, आराखडा किंवा विश्लेषण यात ज्याने डोकं लावलं आणि मसुदा वाचून दुरुस्त केला, तो लेखक. फक्त प्रयोज्य आणून बसवणाऱ्याचं नाव आभारात. प्राचार्यांचं नाव केवळ पदामुळे घालायचा आग्रह झाला, तर पहिल्या बैठकीत लिहिलेला हाच कागद पुढे ठेवा.